सार्वत्रिक निवडणूक, भारतातील

सार्वत्रिक निवडणूक, भारतातील : संसदीय लोकशाहीत लोकनियुक्त सभागृहातील सर्व जागांसाठी सर्व पात्र मतदारांकडून घेण्यात येणारी निवडणूक. भारतात ही संज्ञा प्रामुख्याने लोकसभेच्या निवडणुकीस लावतात. एखादी जागा मध्येच रिक्त झाल्यास तेवढ्यापुरती घेतली जाते, ती पोटनिवडणूक. सभागृह मुदतीपूर्वी विसर्जित झाल्यामुळे घ्यावी लागते, ती मध्यावधी निवडणूक होय. संसदीय पद्धतीत मतदार पंतप्रधानाची वा मंत्रिमंडळाची निवड थेट करीत नाहीत. ते आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी निवडतात आणि ज्या पक्षास वा आघाडीस सभागृहातील बहुसंख्य प्रतिनिधींचा पाठिंबा असतो, त्यांचे शासन अधिकारावर येते.

निवडणुकीची सर्व यंत्रणा समान मताधिकाराच्या तत्त्वावर उभी आहे. या तत्त्वात तीन गोष्टी अंतर्भूत होतात : प्रत्येक प्रौढ नागरिकास मत असणे, ते त्याला निर्भयपणे देता येणे आणि त्याच्या मताचे वजन इतरांच्या मताइतकेच असणे. भारतात यांपैकी पहिली गोष्ट संविधानाने एकदमच मान्य केली. दुसरी निवडणुकीच्या प्रत्यक्ष व्यवहारातून, चुका सुधारीत, क्रमाक्रमाने साधण्यात आली. तिसरी मात्र अंशतःच साध्य झाली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ब्रिटिश अंमलात मताधिकार मालमत्ता, करभरणा, शिक्षण इ. अटींनी मर्यादित होता. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले व पुढील कायद्यांनी हे तत्त्व अन्य गटांनाही लागू केले. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ मध्ये झालेल्या प्रांतिक निवडणुकांत मतदारांची संख्या सु. ३ कोटी होती. म्हणजे बहुसंख्य प्रौढ लोक मताधिकारापासून वंचितच होते. १९३२ मधील जातीय निवाड्याने दलित वर्गांसाठी विभक्त मतदारसंघ योजिले होते. परंतु २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा येथे झालेल्या पुणे कराराने त्यांऐवजी संयुक्त मतदारसंघ व राखीव जागा ही पद्धत स्वीकारण्यात आली. स्वतंत्र भारताच्या संविधानात राखीव जागांची जी व्यवस्था आहे, तिचे पूर्वरूप या करारात आढळते.

संविधानाच्या ३२५ व्या अनुच्छेदानुसार प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदारयादी असते आणि धर्म, वंश, जात वा लिंग या कारणांवरून कोणालाही तीतून वगळता येत नाही. ३२६ व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार प्रस्थापित केला. मतदाराचे किमान वय प्रारंभी २१ वर्षे होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १९८९ मध्ये १८ वर्षांवर आणण्यात आले. अनेक पाश्चात्त्य देशांत मताधिकाराचा विस्तार टप्प्याटप्प्याने, प्रदीर्घ चळवळींनंतर झाला. भारताने शिक्षणाची वा मालमत्तेची कोणतीही अट न घालता तो सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना एकाच वेळी दिला, आणि तोही बहुसंख्य लोक निरक्षर असताना.

पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात झाली. हिमाचल प्रदेशातील चिनी या भागात बर्फामुळे वाटा बंद होण्यापूर्वी मतदान उरकणे आवश्यक असल्याने पहिली मते तेथे पडली. मतदारयादीत १७ कोटींहून अधिक नावे होती व लोकसभेच्या ४८९ जागांसाठी मतदान झाले. त्यावेळी काही मतदारसंघ द्विसदस्य होते. त्यांत एक जागा सर्वसाधारण व एक राखीव असे आणि मतदारास दोन मते असत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ही निवडणूक उत्तर मुंबई शहर या अशाच मतदारसंघातून लढविली. तीत त्यांचा पराभव झाला. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द करण्यात आले.

निर्वाचन आयोग : निवडणुकांचे अधीक्षण, निदेशन व नियंत्रण ३२४ व्या अनुच्छेदान्वये निर्वाचन आयोगाकडे सोपविलेले आहे. आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० रोजी झाली व सुकुमार सेन हे पहिले मुख्य निर्वाचन आयुक्त झाले. प्रत्येक प्रांतासाठी वेगळा आयोग असावा, असा संविधान सभेपुढील मूळ विचार होता. तो सोडून सर्व देशासाठी एकच मध्यवर्ती आयोग नेमण्याची सुधारित तरतूद १५ जून १९४९ रोजी मांडताना डॉ. आंबेडकरांनी तिचे कारण स्पष्ट केले होते : काही प्रांतांत भाषेने, वंशाने वा संस्कृतीने भिन्न असलेल्या रहिवाशांची नावे मतदारयादीत घेतली जात नसल्याच्या तक्रारी येत होत्या. मतदार कोण, हे ठरविण्याचा अधिकार सत्तेवर असलेल्यांच्या हाती राहू नये, ही भूमिका आयोगाच्या रचनेमागे होती.

आयोगाजवळ स्वतःचा सेवकवर्ग थोडाच असतो. निवडणुकीचे काम शासकीय अधिकारी, शिक्षक व अन्य कर्मचारी यांच्याकडून करून घेतले जाते. राज्यपातळीवर मुख्य निवडणूक अधिकारी, जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि प्रत्येक मतदारसंघात निवडणूक निर्णय अधिकारी ही कामे पाहतात. हे अधिकारी निवडणुकीच्या काळात आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते व ते त्याच्या शिस्तीच्या नियमांना बांधील असतात, अशी स्पष्ट तरतूद १९८८ मध्ये कायद्यात करण्यात आली. आयोग १९८९-९० मधील अल्प काळ वगळता १९९३ पर्यंत एकसदस्य होता. त्या वर्षापासून तो त्रिसदस्य आहे व त्याचे निर्णय मतभेद झाल्यास बहुमताने होतात. मुख्य आयुक्तास सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास लागू असलेल्या रीतीनेच पदावरून दूर करता येते. आयुक्तांच्या नियुक्तीबाबत मात्र मतभेद आहेत. पंतप्रधान, विरोधी पक्षनेता व सरन्यायाधीश यांच्या समितीच्या शिफारशीवरून नियुक्त्या व्हाव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये दिला. संसदेचा कायदा होईपर्यंत ही व्यवस्था होती. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने समितीतील सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नामनिर्देशित केलेल्या केंद्रीय मंत्र्याची योजना केली. त्यामुळे समितीत शासनपक्षाचे बहुमत होते, हा या कायद्यावरील प्रमुख आक्षेप आहे.

मतदारसंघ : लोकसभेत ५४३ लोकनियुक्त सदस्य असतात. अँग्लो-इंडियन समाजाच्या दोन प्रतिनिधींचे नामनिर्देशन करण्याची तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपुष्टात आली. २००८ च्या परिसीमनानुसार अनुसूचित जातींसाठी ८४ व अनुसूचित जमातींसाठी ४७ जागा राखीव आहेत. महाराष्ट्राच्या वाट्यास ४८ जागा आल्या असून त्यांपैकी अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर व सोलापूर या अनुसूचित जातींसाठी, तर नंदुरबार, दिंडोरी, पालघर व गडचिरोली-चिमूर या अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. गोव्याला दोन जागा आहेत. राखीव मतदारसंघात उमेदवार त्या वर्गाचा असावा लागतो. मतदान मात्र सर्वच मतदार करतात. स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवण्याची तरतूद २०२३ मध्ये १०६ व्या घटनादुरुस्तीने करण्यात आली. परंतु तिची अंमलबजावणी जनगणना व नवीन परिसीमन यांच्याशी निगडित ठेवण्यात आली. २०२४ च्या निवडणुकीत ७४ स्त्रिया निवडून आल्या.

राज्याच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात असाव्यात व एका राज्यातील मतदारसंघ शक्यतो सारख्या लोकसंख्येचे असावेत, असा संविधानाचा दंडक आहे. तथापि कुटुंबनियोजनात यश मिळविणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत, म्हणून १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यवार जागा १९७१ च्या जनगणनेच्या आधारावर गोठविण्यात आल्या. ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतर होणाऱ्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढविली. याचा परिणाम केरळ व राजस्थान यांच्या तुलनेवरून ध्यानात येतो. केरळच्या २० व राजस्थानच्या २५ जागा १९७१ च्या लोकसंख्येस अनुसरून असून त्यावेळी दोन्ही राज्यांत दर जागेमागे साडेदहा लाखांच्या आसपास लोक होते. २०११ च्या जनगणनेनुसार हे प्रमाण केरळात सु. १७ लाख, महाराष्ट्रात सु. २३ लाख व राजस्थानात सु. २७ लाख झाले. म्हणजे राजस्थानातील मतदाराच्या मताचे मूल्य केरळातील मतदाराच्या मताहून बरेच कमी झाले आहे. उलटपक्षी जागांचे फेरवाटप केवळ लोकसंख्येवर केल्यास राष्ट्रीय धोरण यशस्वीपणे राबविल्याबद्दल दक्षिणेकडील राज्यांचे प्रतिनिधित्व घटेल, अशी त्यांची तक्रार आहे. मतदारांची समानता आणि संघराज्यातील घटकांचा समतोल या दोन्ही न्याय्य मागण्यांची सांगड कशी घालावी, हा भारतीय निवडणूकपद्धतीपुढील अत्यंत कठीण प्रश्न होय.

मतदारयादी : यादीत नाव नसलेल्या नागरिकास मताधिकार असूनही तो बजावता येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार मतदार त्या मतदारसंघातील सर्वसामान्य रहिवासी असावा लागतो आणि एका व्यक्तीस एकाहून अधिक ठिकाणी नाव नोंदविता येत नाही. वयाच्या पात्रतेसाठी पूर्वी १ जानेवारी हीच तारीख धरीत. २०२२ पासून वर्षातून चार तारखा धरल्या जातात. परदेशी गेलेल्या, पण भारतीय नागरिकत्व न सोडलेल्या व्यक्तींस २०१० च्या दुरुस्तीने आपल्या मूळ पत्त्यावर नाव नोंदविण्याची मुभा मिळाली. तथापि त्यांनी मतदानासाठी स्वतः केंद्रावर उपस्थित राहिले पाहिजे, असे हा कायदा म्हणतो.

यादी तयार करताना घातलेल्या अटीमुळे मताधिकार कसा संकोचतो, याचे उदाहरण पहिल्याच निवडणुकीत दिसले. उत्तर भारतातील अनेक स्त्रियांनी परपुरुषास आपले नाव सांगणे रूढीविरुद्ध मानून अमक्याची पत्नी वा तमक्याची आई एवढीच नोंद करविली. स्वतःचे नाव असल्याखेरीज नोंद ग्राह्य धरू नये, असा निर्णय आयोगाने घेतल्याने सु. २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. मतदार हा कोणाचा आप्त म्हणून नव्हे, तर स्वतंत्र नागरिक म्हणून ओळखला जावा, हा आयोगाचा आग्रह तत्त्वतः रास्त होता. परंतु त्याची किंमत तत्काळ त्या स्त्रियांनाच मोजावी लागली. पुढील निवडणुकीच्या वेळी या नोंदींत बरीच सुधारणा झाली. यादीच्या शुद्धतेचा व समावेशकतेचा हा ताण पुढेही कायम राहिला. २०२५ मध्ये बिहारमधील यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण करण्यात आले, तेव्हा प्रारूप यादीत सु. ६५ लाख नावांचा समावेश नव्हता. वगळलेल्यांची नावे कारणांसह प्रसिद्ध करावीत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. मृत व स्थलांतरित मतदारांची नावे राहू देणे हे तोतयेगिरीस वाव देणारे असते, तर हयात मतदाराचे नाव गळणे म्हणजे त्याचा अधिकारच हिरावून घेणे होय. यांपैकी कोणताही दोष क्षुल्लक मानता येत नाही.

उमेदवारी : राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने निवडणुकीस विधिवत आरंभ होतो. नामनिर्देशनपत्रे सातव्या दिवसापर्यंत स्वीकारली जातात. दुसऱ्या दिवशी त्यांची छाननी होते व छाननीनंतर दोन दिवसांपर्यंत माघार घेता येते. माघारीची मुदत आणि मतदान यांत किमान १४ दिवसांचे अंतर असावे लागते. लोकसभेच्या उमेदवाराचे वय निदान २५ वर्षे असावे लागते व तो देशातील कोणत्याही मतदारसंघाचा मतदार असला तरी चालतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक, तर इतरांस दहा सूचक लागतात. २०१० पासून अनामत रक्कम २५,००० रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती निम्मी आहे. एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची अनामत जप्त होते. १९९६ पासून एका व्यक्तीस दोहोंहून अधिक मतदारसंघांतून उभे राहता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निर्णयांमुळे उमेदवाराने आपली मालमत्ता, शिक्षण व आपल्यावरील फौजदारी खटले यांची माहिती शपथपत्राने जाहीर करणे बंधनकारक झाले. दोन वर्षे वा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झालेल्या सदस्याचे पद तत्काळ रद्द होते, असा निर्णय त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये दिला.

प्रचार व खर्च : निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होताच आदर्श आचारसंहिता लागू होते. तिचा उगम १९६० च्या केरळ विधानसभेच्या निवडणुकीत आढळतो; १९७९ मध्ये तीत सत्तारूढ पक्षाच्या वर्तनाविषयी स्वतंत्र भाग घालण्यात आला. त्यानुसार मंत्र्यांना शासकीय दौऱ्याची प्रचाराशी सांगड घालता येत नाही, तसेच नवीन योजना वा अनुदाने जाहीर करता येत नाहीत. संहितेस कायद्याचे स्वरूप नाही. तिचे सामर्थ्य आयोगाच्या दृढतेवर अवलंबून असते. टी. एन्. शेषन मुख्य आयुक्त असताना (१९९०–९६) ती कठोरपणे अमलात येऊ लागली. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर सभा घेण्यास मनाई आहे.

लाच देणे, धाकदपटशा दाखविणे, धर्म वा जात यांच्या नावाने मते मागणे, मतदारांची ने-आण करण्यासाठी वाहने पुरविणे, शासकीय सेवकांचे साहाय्य घेणे व मर्यादेबाहेर खर्च करणे या गोष्टी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने भ्रष्ट आचार ठरविल्या आहेत. मोठ्या राज्यांतील लोकसभा उमेदवारासाठी खर्चाची कमाल मर्यादा २०२२ मध्ये ९५ लाख रुपये करण्यात आली. ही मर्यादा उमेदवाराच्या खर्चास लागू पडते, पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चास नाही; त्यामुळे तिचा उपयोग मर्यादितच होतो. देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारी निवडणूक रोख्यांची योजना २०१८ मध्ये सुरू झाली होती. मतदाराच्या माहितीच्या अधिकाराचा भंग करणारी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केली.

मतदान : गुप्तता हा मतदानाचा आत्मा आहे. जमीनदार, मालक, सावकार, घरातील कर्ता पुरुष वा गावचा पुढारी यांवर ज्याची उपजीविका अवलंबून असते, त्याला उघड मतदानात स्वतःचे मत उरत नाही. म्हणून मतदाराचे मत कोणास कळू नये, एवढेच पुरेसे नसून ते सिद्ध करून दाखविणे त्याला स्वतःलाही शक्य नसावे. कारण जे दाखविता येते, ते विकता येते वा बळाने घेता येते. भारतातील मतदानपद्धतीत झालेले फेरबदल या दृष्टीने उद्बोधक आहेत.

१९५२ व १९५७ मध्ये प्रत्येक उमेदवारासाठी त्याचे चिन्ह चिकटविलेली स्वतंत्र मतपेटी असे. मतदार आडोशास जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत कोरी मतपत्रिका टाकीत असे. निरक्षरांना ही पद्धत सोपी होती. तीसाठी लक्षावधी पोलादी पेट्या लागल्या. त्यांपैकी अनेक मुंबईतील विक्रोळी येथे गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. परंतु मतपत्रिका पेटीत न टाकता बाहेर नेऊन विकता येत असे, हा या पद्धतीतील मोठा दोष होता. म्हणून १९६२ च्या निवडणुकीपर्यंत सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे असलेली एकच मतपत्रिका आणि तिच्यावर शिक्का मारण्याची पद्धत सर्वत्र प्रचारात आली. बोटावर लावण्याची न पुसणारी शाई १९६२ पासून म्हैसूर येथील राज्य शासनाच्या कारखान्यात तयार होते.

मतदान यंत्राचा प्रथम वापर १९८२ मध्ये केरळातील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर झाला. कायद्यात यंत्राची तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हे मतदान अवैध ठरविले व कायद्यात दुरुस्ती झाल्यावरच ही पद्धत पुढे चालू झाली. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व केंद्रांवर यंत्रे वापरण्यात आली. यंत्राचे नियंत्रण एकक केंद्रावरील अधिकाऱ्याजवळ व मतदान एकक आडोशाच्या आत असते. अधिकाऱ्याने नियंत्रण एककाची कळ दाबल्यावर एकच मत नोंदविता येते. मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष किमान ५० मतांची चाचणी घेऊन ती पुसून टाकतात. मतदाराची ओळख पटवून त्याच्या डाव्या तर्जनीस शाई लावणे, सही घेणे व मग यंत्र खुले करणे, असा क्रम असतो. मतदान संपल्यावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची प्रत प्रतिनिधींना देतात. त्यामुळे मोजणीच्या वेळी संख्येत फरक पडल्यास तो लगेच उघडकीस येतो.

आपले मत योग्य ठिकाणी नोंदले गेले की नाही, हे मतदारास पाहता यावे, यासाठी यंत्रास कागदी पडताळणीची जोड देण्यात आली. २०१३ मध्ये नागालँडमधील नोक्सेन येथे तिचा प्रथम वापर झाला व २०१९ मध्ये ती सर्व केंद्रांवर आली. मत दिल्यावर चिन्ह छापलेली चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते व बंद पेटीत पडते. मतदाराच्या हाती ती येत नाही. सर्व चिठ्ठ्यांची मोजणी करावी वा मतपत्रिकेकडे परतावे, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये अमान्य केली. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय त्याच न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ मधील निर्णयामुळे उपलब्ध झाला. त्यास सर्वाधिक मते पडली, तरी लोकसभेच्या निवडणुकीत पुढील क्रमांकाचा उमेदवारच विजयी होतो.

एखाद्याच्या नावावर अगोदरच कोणी मत देऊन गेले असल्यास खऱ्या मतदारास वेगळी मतपत्रिका देतात. ती मोजणीत न घेता पाकिटात राखून ठेवतात व पुढे वाद झाल्यास न्यायालय ती विचारात घेऊ शकते. सुरक्षा दलांची ने-आण आवश्यक असल्याने मतदान टप्प्यांनी होते. २०२४ मध्ये १९ एप्रिल ते १ जून या काळात सात टप्प्यांत, सु. साडेदहा लाख केंद्रांवर मतदान झाले. मतदारयादीत सु. ९७ कोटी नावे होती, त्यांपैकी सु. ६६ टक्के मतदारांनी मतदान केले. १९५१-५२ मध्ये हे प्रमाण सु. ४५ टक्के होते.

मतमोजणी : मोजणीस टपाली मतांपासून आरंभ करतात व यंत्रांतील मते फेऱ्याफेऱ्यांनी मोजतात. लोकसभा मतदारसंघात येणाऱ्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या सोडतीने निवडून यंत्रांतील आकड्यांशी ताडून पाहतात; तफावत आढळल्यास चिठ्ठ्यांची संख्या ग्राह्य धरतात. समसमान मते पडल्यास चिठ्ठी टाकून निर्णय होतो. अल्प मतांनी निकाल लागल्याची उदाहरणे विरळा असली, तरी बोलकी आहेत. आंध्र प्रदेशातील अनकापल्ली येथे १९८९ मध्ये विजयी उमेदवाराचे मताधिक्य ९ होते. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात ते ४८ होते.

मोजणीच्या रीतीत गुप्ततेचा एक प्रश्न शिल्लक आहे. मतपत्रिकांच्या काळात आवश्यकतेनुसार अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत असत. यंत्रामुळे प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा प्रसिद्ध होतो. व्यक्तीचे मत गुप्त राहिले, तरी अमुक वाडीने वा वस्तीने कोणास मते दिली हे कळते आणि पाणी, रस्ता यांसारख्या सोयी अडवून तिच्यावर सूड उगविणे शक्य होते. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखविणारे साधन वापरावे, अशी सूचना आयोगाने २००८ मध्ये केली व विधी आयोगाने २०१५ मध्ये तीस पाठिंबा दिला. परंतु शासनाने ती स्वीकारली नाही.

मतांचे जागांत रूपांतर : मतदारसंघात ज्यास सर्वाधिक मते पडतात, तो विजयी होतो, त्याला निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत असे नाही. त्यामुळे पक्षाची मते व जागा यांचे प्रमाण जुळत नाही. काँग्रेस पक्षास १९५२ मध्ये सु. ४५ टक्के मतांवर ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षास ३१ टक्के मतांवर २८२ जागांचे स्पष्ट बहुमत मिळाले, तर बहुजन समाज पक्षास सु. ४ टक्के मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही. ज्यांची मते एका प्रदेशात एकवटलेली असतात त्या लहान पक्षांना ही पद्धत सोयीची ठरते. ज्यांची मते देशभर विखुरलेली असतात, त्यांची ती हानी करते. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा विचार संविधान सभेत झाला होता. परंतु मतदारांची निरक्षरता व स्थिर शासनाची गरज या कारणांस्तव लोकसभेसाठी तो नाकारण्यात आला. राज्यसभेच्या निवडणुकीत मात्र एकल संक्रमणीय मताची पद्धत आहे.

निवडणूकविषयक तंटे : निवडणुकीची प्रक्रिया चालू असताना न्यायालयांनी तीत हस्तक्षेप करू नये, असे ३२९ व्या अनुच्छेदाचे तात्पर्य सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये पोन्नुस्वामी खटल्यात स्पष्ट केले. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक अर्ज दाखल करता येतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी १२ जून १९७५ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची १९७१ मधील निवड शासकीय सेवकांचे साहाय्य घेतल्याच्या कारणावरून रद्द ठरविली. त्यानंतर ३९ व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांची निवड न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर १९७५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले. मात्र दरम्यान बदललेल्या कायद्याच्या आधारे निवड वैध मानली. निवडणुकीचे अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित राहून सभागृहाची मुदतच संपते, ही या व्यवस्थेतील प्रमुख उणीव आहे.

शासनाची स्थापना : लोकसभेची मुदत पाच वर्षांची असते, आणीबाणीत संसदेस ती एका वेळी एक वर्षाने वाढविता येते. पाचव्या लोकसभेची मुदत अशी वाढविण्यात आली होती. ती जानेवारी १९७७ मध्ये विसर्जित झाल्यावर मार्चमध्ये झालेल्या निवडणुकीत सत्तारूढ पक्षाचा पराभव झाला व केंद्रात प्रथमच सत्तांतर घडून आले. निकालानंतर ज्यास बहुमताचा पाठिंबा मिळण्याचा संभव असतो, त्यास राष्ट्रपती पंतप्रधान म्हणून नियुक्त करतात. मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिक रीत्या जबाबदार असते. १७ एप्रिल १९९९ रोजी विश्वासदर्शक ठराव एका मताने फेटाळला गेल्याने अटलबिहारी वाजपेयी यांचे शासन पायउतार झाले आणि देशास पुन्हा निवडणुकीस सामोरे जावे लागले. निवडून आल्यावर पक्ष बदलणाऱ्या सदस्यांमुळे मतदाराचा कौल विफल होऊ नये, म्हणून ५२ व्या घटनादुरुस्तीने १९८५ मध्ये पक्षांतरबंदीची तरतूद केली. तथापि तीमुळे सदस्य पक्षादेशास अधिक बांधला जाऊन मतदारसंघाचा प्रतिनिधी या नात्याचे त्याचे स्वातंत्र्य कमी झाले, असाही आक्षेप घेतला जातो.

मूल्यमापन : निरक्षर जनतेला मताधिकार देणे हे धाडस ठरेल, ही पहिल्या निवडणुकीपूर्वी व्यक्त झालेली शंका अनुभवाने दूर केली. मतदारांनी केंद्रात व राज्यांत अनेकदा सत्तांतर घडवून आणले आणि पराभूत शासनांनी तो निर्णय मान्य केला. तथापि पैशाचा वाढता प्रभाव, आयोगाच्या नियुक्त्यांविषयीचा वाद, यादीतून होणारी गळती आणि राज्याराज्यांतील मतांचे विषम मूल्य या गोष्टी चिंतेच्या आहेत. निवडणुकीची वैधता अंतिमतः विजयी पक्षाच्या समाधानावर नव्हे, तर पराभूतांच्या व त्यांच्या मतदारांच्या विश्वासावर टिकून असते. यादी, मतपेटी आणि मोजणी या तिन्ही ठिकाणी आपल्यास इतरांसारखीच वागणूक मिळाली, अशी खात्री त्यांना वाटेल, तोवरच पराभव पुढील निवडणुकीपर्यंत शांतपणे स्वीकारला जातो. संसदीय लोकशाहीचे सातत्य या स्वीकारावरच अवलंबून आहे.